इअरफोनमधली सुरसुर येते कुठून?

लॅपटॉपला इअरफोन लावा. एखादं गाणं सुरू करा आणि आवाजाची पट्टी ओढत पार शून्यावर आणा. गाणं ऐकू येईनासं झालं, पण मागची बारीक ‘सूऽऽऽ’ तशीच राहिली का? आता गाणंही बंद करा आणि कशालाही हात न लावता थोडा वेळ थांबा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये काही सेकंदांत हलकं ‘टक्’ होतं आणि ती सुरसुर एकदम नाहीशी होते. पुन्हा काही वाजवलं की पुन्हा ‘टक्’, पुन्हा सुरसुर.

दिवसा कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, खाली गाड्यांचे हॉर्न चालू असताना, हे कळणारच नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर, पंखा बंद करून हे करून बघा.

पट्टी शून्यावर आणूनही सुरसुर राहते, म्हणजे ती गाण्यात नाही. काही सेकंदांनी आपोआप बंद होते, म्हणजे लॅपटॉपमधला कुठलातरी भाग तेवढ्यात झोपी गेला. हा भाग कोणता ते कळलं की निम्मा उलगडा होतो.

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. तिला ऑडिओ कोडेक म्हणतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेक हे नाव पाहिलं असेल, ते बहुधा हिचंच. इंटेलने 2004 साली हाय डेफिनिशन ऑडिओ नावाची पद्धत आणली आणि पुढची अनेक वर्षं बहुतेक लॅपटॉपचे कोडेक त्याच पद्धतीने प्रोसेसरशी बोलत आले. गाणं लॅपटॉपमध्ये असतं ते नुसत्या आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाचं असेल तर एका बाजूच्या कानासाठी सेकंदाला 44,100 आकडे. कोडेक त्या आकड्यांवरून विजेचा कमी-जास्त होणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, तयार करतो. तो दाब एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो आणि मग 3.5 मिलीमीटरच्या जॅकमध्ये येतो.

बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनवरची आवाजाची पट्टी यातल्या पहिल्या टप्प्यावर काम करते. ती आकडेच लहान करते. त्यापुढचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र होता तसाच, पूर्ण ताकदीने उभा असतो. त्याची स्वतःची जी सुरसुर आहे, ती पट्टी कुठेही असली तरी तेवढीच. काही वाजत नसलं की बॅटरी वाचवायला कोडेक त्या अ‍ॅम्प्लिफायरचा पुरवठा तोडतो. ते ‘टक्’ त्याचंच. त्यामुळे आवाज कमी करून पाहिला, काही फरक नाही, म्हणजे लॅपटॉपच बिघडलाय, असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर जरा थांबा.

अ‍ॅम्प्लिफायर सुरसुरतो तरी का, याचं उत्तर बिघाडात नाही, पदार्थविज्ञानात आहे. 1928 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी मोजमापं मांडून दाखवलं, की कुठल्याही साध्या रेझिस्टरच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या छोट्या भागाच्या, दोन टोकांमध्ये सतत अगदी सूक्ष्म, बेशिस्त व्होल्टेज नाचत असतं. बाहेरून वीज दिलेली नसली तरी. त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याच वर्षी त्याचं गणित मांडलं. पदार्थातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे एका जागी स्वस्थ बसत नाहीत, आणि त्यांची ही धडपड म्हणजेच ते व्होल्टेज. सगळ्या सुरांत सारखं पसरलेलं असल्यामुळे कानाला ते ‘सूऽऽऽ’ असं लागतं. 10 हजार ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) रेझिस्टरमध्ये, माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यापुरतं मोजलं, तर हे साधारण 1.8 मायक्रोव्होल्ट भरतं. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. कोडेकमध्ये असे रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर ढिगाने असतात. प्रत्येक जण आपली भर घालतो, आणि जॅकपाशी सगळं मिळून काही मायक्रोव्होल्ट जमतात.

उष्णतेचा संबंध आला की मे महिन्याचं नाव पुढे येतं. त्याचा इथे दोष नाही. खोलीचं तापमान 20 अंशांवरून 40 अंशांवर गेलं तरी ही सुरसुर जेमतेम साडेतीन टक्क्यांनी वाढते. कान ते ओळखूच शकत नाही.

आता जॅकवरची सुरसुर 10 मायक्रोव्होल्ट आहे असं धरू. साध्या, बऱ्यापैकी लॅपटॉपसाठी हा आकडा वावगा नाही. 1 व्होल्टचा पूर्ण आवाज त्याच्या एक लाखपट, आणि आवाजाची पातळी मोजतात त्या डेसिबलच्या भाषेत एक लाखपट म्हणजे 100 डेसिबल. खोक्यावर ‘सिग्नल टू नॉइज 100 डेसिबल’ असं छापतात तेव्हा साधारण हाच अर्थ असतो. हा आकडा चांगला आहे की वाईट? इअरफोन कुठला आहे त्यावर अवलंबून.

कानात घट्ट बसणारा एक संवेदनशील इअरफोन घ्या. 16 ओहम, आणि खोक्यावर लिहिलंय की 1 मिलिवॅटला 110 डेसिबल. 16 ओहमला 1 व्होल्ट दिला तर त्यात 62.5 मिलिवॅट जातात, म्हणजे आवाज आणखी 18 डेसिबलनी चढतो आणि 128 डेसिबलवर पोचतो. सुरसुर त्याच्या 100 डेसिबल खाली, म्हणून ती कानात 28 डेसिबलने वाजते. रात्रीची शांत खोली स्वतःच 25-30 डेसिबलच्या आसपास असते. त्यात या इअरफोनचं रबर कानाचं भोक बंद करतं, बाहेरचा आवाज आणखी दबतो, आणि 28 डेसिबलची सुरसुर अगदी स्पष्ट समोर येते.

तोच जॅक, पण 32 ओहमचा आणि मिलिवॅटला 100 डेसिबल देणारा साधा हेडफोन लावला, की हीच सुरसुर 15 डेसिबलवर उतरते. फार शांततेत, फार लक्ष दिलं तर जाणवेल. स्टुडिओत वापरतात तसा 300 ओहमचा मोठा हेडफोन, व्होल्टला 97 डेसिबल देणारा, लावला तर हिशेबाने उणे 3 डेसिबल येतं, म्हणजे ऐकूच येणार नाही.

लॅपटॉप तोच, जॅक तोच, आणि अनुभव तीन. दुकानात लॅपटॉप नेल्यावर तिथला पोरगा गल्ल्याजवळचा स्वतःचा मोठा हेडफोन लावतो, दोन मिनिटं ऐकतो आणि म्हणतो, “काय न्हाई ओ सर, मला तर काय ऐकू येत न्हाई.” तो खोटं बोलत नसतो. त्याचा हेडफोन वेगळा आणि दुकानातली शांतता वेगळी. तुमचाच इअरफोन घेऊन जा आणि त्याच्या कानात घाला, मग बोलणं एका पातळीवर येईल.

खरेदी करताना एक फसगत टाळा. काही कंपन्या डेसिबल मिलिवॅटला देतात, काही व्होल्टला. वरच्या उदाहरणात पहिला इअरफोन एका भाषेत 110 आणि दुसऱ्या भाषेत 128 आहे. दोन खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याआधी खालचं बारीक अक्षर वाचावं. आणि डेसिबलचा मोठा आकडा म्हणजे चांगला इअरफोन, हा समज तर सोडूनच द्यावा. तो आकडा गाणं मोठं करतो तशी सुरसुरही मोठी करतो.

कोल्हापुरात आणखी एक घोळ होतो, कारण इथे जुनं गाणं ऐकणारे पुष्कळ. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने इथे राहिले, जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं या गावात रुजलं, आणि देवल क्लब या इथल्या संगीत संस्थेच्या बैठकांना जाणाऱ्या घरांमध्ये केसरबाई, मोगूबाईंच्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी आज लॅपटॉपवर ऐकली जातात. त्या तबकड्या लाखेच्या. सुई त्यांच्यावरून फिरताना होणारी खरखर गाण्यासोबतच उतरवली गेली आहे. ती जॅकची नाही. ओळख सोपी आहे. गाणं मधेच थांबवा: खरखर त्या क्षणी तुटली तर ती तबकडीची. पट्टी वर नेली की तीही वाढते, जॅकची सुरसुर वाढत नाही. तबकडीची खरखर काढायला सॉफ्टवेअर मिळतं, पण माझं मत विचाराल तर फार घासू नये. खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारी आणि आवाजाची धारही जाते, आणि उरतं ते पाण्याखालून गायल्यासारखं काहीतरी.

एवढा वेळ बोललो ते एकसारख्या, न बदलणाऱ्या सुरसुरीबद्दल. बदलणारा आवाज हे वेगळं प्रकरण आहे. माऊसचं चाक फिरवलं की ‘चिर्रर्र’, स्क्रीनवरची खिडकी ओढली की ‘झिंऽऽ’, मोठी फाइल उघडताना टिकटिक. इथे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष असतो. शेजारी त्रास देत असतात.

प्रोसेसरला एका क्षणी थोडी वीज लागते, तर दुसऱ्या क्षणी एकदम पुष्कळ. हे बदल सेकंदाच्या हजाराव्या भागात होत राहतात. त्याला वीज पुरवणारी सर्किटं सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. ते ऐकू येण्याच्या पलीकडचं. पण काम कमी असलं की वीज वाचवायला ती मधल्या ठोक्यांना दांडी मारतात आणि त्यांची चाल माणसाच्या कानाच्या पट्ट्यात उतरते. म्हणून कधी कधी लॅपटॉप रिकामा असताना चिरचिर जास्त येते आणि कामाला लावला की थांबते. लोक चक्रावतात. यूएसबीची हाय स्पीड लाइन सेकंदाला 8000 ठोके देते. तेवढ्याच कंपनांचा बारीक सूर इअरफोनमध्ये शिरला की तो डासासारखा पाठ सोडत नाही.

हे आवाज ऑडिओपर्यंत येतात ते मुख्यतः ग्राउंडमधून. मदरबोर्डवरचे सगळे भाग आपली वीज परत पाठवायला तांब्याचा एकच सामाईक पत्रा वापरतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात पाण्याचा पाइप एकच असतो, खालच्या मजल्यावर कुणी तोटी सोडली की वरची धार बारीक होते. वरच्याने काही केलेलं नसतं. तसंच प्रोसेसरने वीज ओढली की ग्राउंडची पातळी किंचित हलते, आणि कोडेक ज्याला शून्य समजतो ते शून्यच डळमळतं. चांगल्या रचनेत ऑडिओचा भाग प्रोसेसरपासून लांब, वेगळ्या वाटेने जोडलेला असतो. सडपातळ लॅपटॉपमध्ये लांब जाणार कुठे? जागाच नसते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये हाय परफॉर्मन्स निवडून हा आवाज कमी होतो का ते बघावं. काहींत होतो, पण बॅटरीचा भुर्दंड पडतो. आणि इअरफोन काढल्यावरही कीबोर्डला कान लावून तीच चिरचिर ऐकू आली, तर ती बोर्डावरच्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, आहे. तिचा जॅकशी संबंध नाही.

आता चार्जर. चार्जर लावला की ‘घूंऽऽ’ येते आणि काढला की जाते, ही तक्रार आपल्याकडे विशेष ऐकू येते आणि तिचं मूळ पुष्कळदा भिंतीत असतं. चार्जरमध्ये वीजगोंधळ दाबण्यासाठी आतला आणि बाहेरचा भाग जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या बाजूला झिरपतो, आणि त्याने अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचं असतं. दोन पिनांचा चार्जर असला, किंवा तीन पिनांचा असूनही भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे तारच नसली, तर त्या करंटला वाट राहत नाही. मग लॅपटॉपचं धातूचं अंग विजेच्या दाबावर तरंगतं. त्यावरून हलकेच बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते हेच. करंट इतका कमी असतो की चार्जर अस्सल असेल तर इजा होत नाही, पण इअरफोनच्या तारेतून आपल्या अंगाकडे त्याची वाट निघते आणि घुमघुम ऐकू येते. लॅपटॉपला हात लावला की आवाज बदलतो, हीच त्याची खूण.

जुन्या घरांत प्लग नवे, चकचकीत बसवलेले असतात, आणि आत तारा दोनच. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. नुसत्या इअरफोनसाठी नव्हे, फ्रिज आणि गीझरसाठीही. उद्यमनगरच्या बाजूला, जिथे वर्कशॉप आणि घरं एकाच लाइनवर असतात, तिथे वेल्डिंग किंवा मोटर सुरू होताना ‘चर्र’ किंवा ‘टक्’ असे आवाजही चार्जरमधून आत येऊ शकतात. सगळ्याची परीक्षा एकच: चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेला तर आवाज भिंतीतून येत होता.

लॅपटॉप बाहेरच्या स्पीकरला किंवा मिक्सरला जोडला की मात्र खेळ बदलतो. मंडळाच्या कार्यक्रमात, कॉलेजच्या हॉलमध्ये साउंडवाला ओरडतो, “हमिंग येतंय, चार्जर काढा!” त्याचं बरोबर असतं. लॅपटॉप एका बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर. दोघांच्या अर्थिंगची पातळी किंचित वेगळी, आणि त्यांना जोडणारी ऑडिओची वायर. अर्थिंगमधून जाऊन ऑडिओच्या वायरीतून परत येणारं एक रिंगण तयार होतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून त्या रिंगणात 50 आणि 100 हर्ट्‌झची घुमघुम फिरते. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की बऱ्याचदा काम भागतं. नाही भागलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, आत ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज पलीकडे जातो आणि तारेची जोडणी तुटते. काही जण यावर चार्जरची अर्थिंगची पिन मोडून टाकतात किंवा टेप लावतात. हे करू नका. घुमघुम जाते आणि त्याबरोबर शॉक लागण्यापासूनचं संरक्षणही जातं.

मोबाईलची ती जुनी ‘ट्ट्ट-ट्ट्ट-ट्ट्ट’, फोन वाजण्याआधी स्पीकरमध्ये येणारी, 2जी ची. तो फोन सेकंदाला साधारण 217 वेळा रेडिओचे ठोके देतो. 4जी वर बोलणं आल्यापासून ती क्वचितच ऐकू येते. फोन हातभर लांब ठेवला की संपलं.

सेटिंगचाही एक चोर आहे आणि तो फुकटात पकडता येतो. इअरफोनला माइक असेल तर लॅपटॉप कधी कधी तो माइकच तुमच्या कानात परत वाजवत असतो. मग पंख्याचा वारा, खोलीतली हवा, शेजारचा टीव्ही, सगळं सुरसुर बनून येतं. इअरफोनच्या माइकवर बोटाने टिचकी मारा. ती कानात ऐकू आली तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या भागात माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ नावाचा टॅब असतो, तिथली टिक काढा. माइक बूस्टही 20-30 डेसिबलवर असेल तर खाली आणा. लिनक्सवाल्यांनी अल्सामिक्सरमध्ये माइकची पट्टी आणि लूपबॅक बघावं.

उपाय म्हणून सगळ्यात आधी काय घ्यावं? माझ्या मते यूएसबीचा छोटा डोंगल, म्हणजे ज्यात कोडेक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही असतात आणि शेवटी 3.5 मिलीमीटरचं भोक असतं तो. टाइप-सी पोर्टमध्ये बसतो. तो चालतो कारण आवाज मदरबोर्डाबाहेर तयार होतो आणि त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची सुरसुर बहुधा कमी असते. पण वीज तो यूएसबीतूनच घेतो, म्हणून प्रोसेसरची चिरचिर काही वेळा त्यातही उतरते. ओळखीच्या कुणाकडून एक दिवस मागून आणावा, आपल्याच इअरफोनवर ऐकावा, मग पैसे घालावेत. ब्लूटूथने जॅकची सुरसुर नक्की टळते, फक्त त्या इअरबडमध्येही अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि काहींचा तोही सुरसुरतो.

एकसारख्या सुरसुरीवर यापेक्षाही स्वस्त इलाज म्हणजे इअरफोनच्या वायरीत आवाज कमी करणारा छोटा तुकडा, गोल चकतीचा किंवा आत रेझिस्टर असलेला. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे बसतो, म्हणून गाणं आणि सुरसुर दोन्ही सारखेच दबवतो. त्याने 20 डेसिबल कमी केले की आपली 28 डेसिबलची सुरसुर 8 वर येते. गाणं मग पट्टी वर ढकलून पुन्हा मोठं करायचं, सुरसुर खालीच राहते. एका बाजूला अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे बारीक स्पीकर) असलेले महाग इअरफोन असतील तर नुसता एकेरी रेझिस्टर लावल्याने त्यांचा सूर बिघडतो, म्हणून दोन रेझिस्टरांची जोडी असलेला तुकडा शोधावा. आणि हा तुकडा काढताना आधी पट्टी खाली आणायची सवय लावावी, कारण वर ढकललेल्या पट्टीवर तो संवेदनशील इअरफोन थेट जोडला तर पहिलाच सूर कानठळ्या बसवेल.

सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेने यातलं काहीच जात नाही. ती गंजत नाही, एवढंच. पिन फिरवली की ‘खर्र खर्र’ होत असेल किंवा एक बाजू गायब होत असेल तर ती सुरसुर नव्हे, जॅकची पकड सैल झालीय किंवा सोल्डर सुटलंय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये जॅक एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तो एकटा बदलता येतो. दुरुस्तीवाला थेट मदरबोर्डाचा भाव सांगू लागला तर आधी हे विचारून घ्या.